फेनवे पार्कला पहिल्यांदा जाताना: संघाआधी खुर्ची बघा

बॉस्टनमधल्या मराठी घरी पाहुणे आले की फिरवायची यादी ठरलेली असते. हार्वर्ड, एमआयटी, बंदरातली बोट आणि दोन दिवस हाताशी असतील तर न्यू हॅम्पशरचे डोंगर. फेनवे पार्कचे, म्हणजे बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाच्या मैदानाचे नाव निघाले की कोणीतरी म्हणते, "आपल्याला कुठे बेसबॉल कळतो?" आणि विषय तिथेच मिटतो. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. बेसबॉल कळत नसेल तर पहिला सामना फेनवेतच बघावा. तिथे आधी जागा कळते, आणि जागा कळली की खेळ निम्मा कळतो.

हे मैदान २० एप्रिल १९१२ रोजी सुरू झाले. टायटॅनिक बुडून जेमतेम पाच दिवस झाले होते. त्या सामन्यात बॉस्टन रेड सॉक्सने न्यूयॉर्क हायलँडर्सना अकराव्या इनिंगमध्ये ७-६ असे हरवले. हेच हायलँडर्स पुढे यांकीज झाले आणि बॉस्टनचे कायमचे वैरी. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, आज वापरात असलेले हे सर्वांत जुने मैदान. शिकागोचे रिग्ली फील्ड याच्याहून दोन वर्षांनी धाकटे.

जुने म्हणजे नुसते वयाने नव्हे. आजकाल स्टेडियमसाठी मोकळी जमीन घेतात, मैदान आखतात आणि मग रस्ते नेतात. इथे रस्ते आधी होते. त्यांच्यामध्ये जो वेडावाकडा तुकडा उरला त्यात मैदान बसवले. एक बाजू आखूड, दुसरीकडे कोनाडा, मध्येच खोल गेलेला त्रिकोण. गावातल्या जुन्या वाड्याचे परसू जसे शेजाऱ्याच्या भिंतीप्रमाणे वळते, तसे. हे डोक्यात ठेवून पुढची तयारी करा.

सामना कोणता घ्यावा

हंगाम मार्चच्या अखेरीस सुरू होऊन सप्टेंबरअखेर संपतो. प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, त्यातले साधारण ८१ घरच्या मैदानावर. त्यामुळे "तिकीट मिळेल का?" ही चिंता बहुतेक वेळा फुकाची. मात्र ती नेहमी फुकाची नव्हती: मे २००३ ते एप्रिल २०१३ या काळात फेनवेचा प्रत्येक सामना 'हाउसफुल' म्हणून नोंदला गेला.

यांकीजविरुद्धचा सामना महाग असतो. उन्हाळी सुट्टीतला शनिवारही. पहिल्यांदा जाणाऱ्याने मे किंवा सप्टेंबरमधला सोमवार ते गुरुवारमधला सामना घ्यावा. समोर कोणता संघ आहे याने तुम्हाला तसाही काही फरक पडणार नाही. एप्रिलमधली रात्रीची तिकिटे स्वस्त दिसतात, पण तो मोह आवरा. आमच्याकडे आलेल्या एका जोडप्याने एप्रिलच्या रात्री सहाव्या इनिंगपर्यंत तग धरला, तोही एकाच शालीत दोघांनी गुरफटून. जायचेच असेल तर थंडीचे जाकीट आणि कानटोपी. हो, कानटोपीच.

एप्रिलला अपवाद एकच. तिसऱ्या सोमवारी मॅसॅच्युसेट्समध्ये पॅट्रिअट्स डेची सुट्टी असते, त्याच दिवशी बॉस्टन मॅरेथॉन धावते, आणि रेड सॉक्सचा सामना सकाळी अकराच्या सुमारास सुरू होतो. सामना संपवून बाहेर पडलात की केनमोर चौकातून धावपटू जात असतात. गर्दी प्रचंड, पण शहर इतके खुशीत असलेले एरवी दिसत नाही.

विद्यार्थ्यांनी एक गोष्ट जरूर तपासावी: क्लबने अनेक हंगामांत ९ डॉलरची उभ्याची विद्यार्थी तिकिटे दिली आहेत. एमएसच्या पहिल्या सत्रात खिशाची जी अवस्था असते, तिला हे परवडते.

खुर्ची: इथे घाई करू नका

माझे पहिले तिकीट मी फक्त किंमत बघून घेतले. छताखालची जागा, सावली, स्वस्त. अजून काय हवे? जाऊन बसलो तर माझ्या आणि पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) मध्ये लोखंडी खांब. फलंदाज दिसायचा, चेंडू अचानक हवेतून उगवल्यासारखा यायचा. तीन तास मान डावी-उजवी करत काढले. तिकिटावर 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' असे स्पष्ट लिहिलेले होते, मीच वाचले नव्हते.

छत पेलणारे हे खांब फेनवेची खूण आहेत. ज्या भागाला 'ग्रँडस्टँड' म्हणतात तिथे ते उभे आहेत. तिथल्या निळ्या लाकडी खुर्च्या १९३४ च्या नूतनीकरणाच्या काळातल्या आहेत आणि त्या काळच्या माणसाच्या मापाच्या. उंच माणसाचे गुडघे पुढच्याच्या पाठीला लागतात. पण ऐतिहासिक मैदानात जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे तर घरी टीव्ही काय वाईट? एक सामना तरी या लाकडावर बसून बघावा असे मला वाटते. फक्त घेताना त्या खुर्चीवरून दिसणाऱ्या मैदानाचे चित्र बघा. तिकीट विकणाऱ्या बहुतेक संकेतस्थळांवर ते दिसते.

ग्रँडस्टँडच्या पुढच्या 'लोज बॉक्स' आणि 'फील्ड बॉक्स' या रांगांत खांबाचा त्रास नाही. दर जास्त, आणि डोक्यावर छत नसल्याने ऊन-पाऊस थेट अंगावर. उजव्या कोपऱ्यातल्या, म्हणजे एक ते आठ क्रमांकांच्या आसपासच्या विभागांत वेगळीच गंमत आहे. खुर्च्या फलंदाजाकडे नव्हे, समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसवल्या आहेत. तिथे बसलात तर रात्री मानेला बाम लागतो. त्यातून संध्याकाळी मावळता सूर्य उजव्या बाजूच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांवर येतो. टोपी आणि गॉगल न्या.

मैदानाच्या टोकाला 'ब्लीचर्स' आहेत. उघड्यावरची, लांबची, स्वस्त आणि सगळ्यांत बोलकी जागा. घरच्या संघाला शिव्या देण्याचा हक्क तिथे जन्मसिद्ध समजतात. मित्रमंडळींबरोबर जायचे तर तिथे. आईवडिलांना न्यायचे तर तिसऱ्या बेसच्या (बेस म्हणजे धावेसाठी ओळीने गाठायचे टप्पे) बाजूला, खांब टाळून, छताखाली. डाव्या भिंतीच्या माथ्यावरच्या जागा २००३ मध्ये केल्या, जेमतेम अडीचशेच्या वर आहेत, आणि त्यांची किंमत ऐकून आपण गप्प बसावे.

पोहोचणे

गाडी नेऊ नका. पार्किंगचा दर सामन्याच्या दिवशी तिकिटाशी स्पर्धा करतो. मेट्रोच्या ग्रीन लाइनच्या बी, सी किंवा डी गाडीने केनमोरला उतरा आणि गर्दीमागे चालत जा. ई गाडी केनमोरला जात नाही, आणि नवखा माणूस नेमका तीच पकडतो. डी मार्गावर 'फेनवे' नावाचेही स्टेशन आहे. तिथूनही चालत जाता येते, पण नाव बघून फसू नका, केनमोर जवळ पडते. पश्चिमेच्या उपनगरांतून येणाऱ्यांना कम्युटर रेलचे लॅन्सडाउन स्टेशन सोयीचे. बाहेर आलात की सिटगो या तेल कंपनीचा भलामोठा लाल त्रिकोण दिसतो. तो १९६५ पासून तिथे आहे आणि हरवलेल्याला वाट दाखवतो.

तिकीट फोनवरच्या ॲपमध्ये असते. सगळ्यांची तिकिटे एकाच फोनवर असतील तर सगळ्यांनी एकत्रच आत जावे. "तू हो पुढे, मी आलोच" इथे चालत नाही. फोन पुरता चार्ज करून न्या. मोठी पाठपिशवी घरी ठेवा. पिशवीच्या मापाचे नियम कडक आहेत आणि बदलत असतात, म्हणून निघण्याआधी क्लबच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

दीड तास आधी

सामन्याच्या ऐन वेळी पोहोचलात तर अर्धे फेनवे हुकले. सामन्याच्या दिवशी जर्सी स्ट्रीट वाहनांना बंद होऊन मैदानाचाच भाग बनते. खाण्याचे ठेले, वाजंत्री, टोप्यांची दुकाने, जत्राच म्हणा. कितीतरी वर्षे या रस्त्याचे नाव यॉकी वे होते, संघाचे माजी मालक टॉम यॉकी यांच्यावरून. २०१८ मध्ये ते बदलून जुने नाव परत आणले. कारण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१६ एप्रिल १९४५ रोजी, यॉकी मालक असताना, याच मैदानात जॅकी रॉबिन्सन आणि आणखी दोन कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी झाली. शहराच्या एका नगरसेवकाने दबाव आणला म्हणून क्लबने ती घेतली. तिघांपैकी एकालाही करार मिळाला नाही. दोन वर्षांनी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पडली. रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, खेळवला तो १९५९ मध्ये. सगळ्या संघांत सर्वांत शेवटी. आत गेल्यावर उजव्या बाजूला वर बघा. संघाच्या थोर खेळाडूंचे निवृत्त (पुन्हा कोणालाही न दिले जाणारे) क्रमांक तिथे लाल रंगात लावलेले आहेत, आणि त्यांच्यात एक ४२ निळा आहे. तो रॉबिन्सनचा, डॉजर्सच्या रंगात. सगळ्या मैदानांवर हा क्रमांक निवृत्त आहे, पण फेनवेत तो बघताना १९४५ आठवल्याशिवाय राहत नाही.

बाहेर बी गेटपाशी पुतळे आहेत. संघाचा थोर फलंदाज टेड विल्यम्स एका लहान मुलाच्या डोक्यावर आपली टोपी ठेवतो आहे, तो मला सगळ्यांत आवडतो. शेजारी विल्यम्स, बॉबी डोअर, जॉनी पेस्की आणि डॉम डिमॅजिओ असे चार सोबती एकत्र उभे आहेत.

भिंत वाचायला शिका

आत शिरून आपल्या विभागाच्या जिन्यावर आलात की डावीकडे ती दिसते: ग्रीन मॉन्स्टर, हिरवा राक्षस. उंची ३७ फूट २ इंच, म्हणजे तीन मजली घराहून जास्त. ती तिथे का आहे? कारण तिच्या मागे लगेच लॅन्सडाउन स्ट्रीट आहे. मैदान त्या बाजूला वाढवायला जागाच नव्हती, आणि बाहेरून फुकट बघणाऱ्यांना अडवायचे होते. सुरुवातीला लाकडी भिंत होती, तिच्यापुढे दहा फुटांचा मातीचा उतार होता, आणि डाव्या क्षेत्रातला खेळाडू डफी लुईस त्यावर धावत चढून झेल घ्यायचा. म्हणून त्याला 'डफीज क्लिफ' म्हणत. १९३४ मध्ये उतार काढला आणि भिंतीवर पत्रा चढवला. जाहिराती पुसून सगळी भिंत हिरवी केली ती १९४७ मध्ये.

आता खेळाकडे. डाव्या कोपऱ्यात फलंदाजापासून भिंत ३१० फुटांवर आहे, सुमारे ९४ मीटर. क्रिकेटच्या सीमारेषेची सवय असलेल्याला हे फार लांब वाटेल, पण बेसबॉलमध्ये ते जवळ. १९५८ नंतर बांधलेल्या मैदानांना किमान ३२५ फुटांचा नियम आहे. जुन्या फेनवेला त्यातून सूट. परिणाम असा की दुसऱ्या मैदानात आरामात झेल गेला असता असा उंच चेंडू इथे भिंतीला लागतो किंवा वरून जातो. उलट, दुसरीकडे सरळ होमरन (आपल्या षटकारासारखा) ठरला असता असा सपाट, जोरकस फटका इथे भिंतीवर धडकून परत येतो आणि फलंदाज दुसऱ्या बेसवर अडकतो. भिंत एकाला देते, दुसऱ्याचे काढून घेते. डाव्या क्षेत्ररक्षकाला चेंडू कुठे आदळून किती उडेल याचा हिशेब पाठ असावा लागतो. कार्ल यस्ट्रेम्स्की त्यात उस्ताद होता. चेंडू भिंतीकडे निघाला की प्रेक्षक चेंडूकडे नव्हे, डाव्या क्षेत्ररक्षकाच्या पाठीकडे बघतात. तुम्हीही तेच करा.

भिंतीच्या पायथ्याशी हाताने चालवायचा धावफलक आहे. आत माणसे बसून पाट्या बदलतात, आणि आत स्वच्छतागृह नाही, ही बाब फेनवेचा प्रत्येक वाटाड्या न चुकता सांगतो. फलकावरच्या उभ्या पांढऱ्या रेघांत ठिपके-रेघा दिसतील. ती टॉम यॉकी आणि त्यांच्या पत्नी जीन यांची आद्याक्षरे आहेत, मोर्स लिपीत. रस्त्यावरचे नाव गेले, हे राहिले.

उजव्या कोपऱ्यात खेळाची हद्द दाखवणारा फाउलचा पिवळा खांब फक्त ३०२ फुटांवर आहे. तो 'पेस्कीज पोल', जॉनी पेस्कीच्या नावाचा. गंमत अशी की पेस्कीने सगळ्या कारकिर्दीत १७ होमरन मारले, आणि त्यातले फेनवेत फक्त सहा. डावीकडचा खांब कार्लटन फिस्कच्या नावाचा: १९७५ च्या वर्ल्ड सिरीजच्या (अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेच्या) सहाव्या सामन्यात, बाराव्या इनिंगमध्ये, त्याचा फटका या खांबाला लागून होमरन ठरला. फटका मारल्यावर तो जागेवरच उड्या मारत दोन्ही हातांनी चेंडूला "आत ये, आत ये" असे खुणावत होता.

आणि ब्लीचर्समध्ये हिरव्या खुर्च्यांत एकच लाल खुर्ची आहे: विभाग ४२, रांग ३७, क्रमांक २१. ९ जून १९४६ रोजी टेड विल्यम्सचा चेंडू ५०२ फूट जाऊन तिथे बसलेल्या प्रेक्षकाच्या गवती हॅटवर आदळला आणि हॅटला भोक पडले. पुढच्या कित्येक दमदार फलंदाजांना हे अंतर खरे वाटत नाही. खेळ सुरू होण्याआधी तिथवर चालत जा आणि फलंदाजाची जागा किती लहान दिसते ते बघा.

खेळ चालू असताना

एवढे पुरे: नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगमध्ये आधी पाहुणे फलंदाजी करतात, मग घरचे, आणि तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. तीन स्ट्राइक (हुकलेले किंवा सोडलेले नीट चेंडू) झाले तर बाद, चार बॉल (फलंदाजाने सोडलेले भरकटलेले चेंडू) झाले तर फुकट पहिला बेस. बरोबरी झाली तर सामना पुढे चालू राहतो. २०२३ पासून पिचरला घड्याळ लावल्यामुळे सामने आता साधारण पावणेतीन तासांत आटोपतात.

फाउल, म्हणजे हद्दीबाहेर गेलेला चेंडू प्रेक्षकांत आला तर तो तुमचा. माझ्या वडिलांच्या तीन रांगा पुढे एकाने झेल घेतला तेव्हा त्यांचा जीव कासावीस झाला. "अरे, परत टाक ना, खेळ थांबलाय त्यांचा!" खेळ थांबलेला नव्हता, पंचाने खिशातून दुसरा चेंडू काढलाही होता. जाळी नसलेल्या जागी बसलात तर मात्र मोबाइलमध्ये डोके घालू नका. तो चेंडू क्रिकेटच्या चेंडूइतकाच टणक असतो. फलंदाज तयार असताना उठून रांगेतून चालत जाणे असभ्य समजतात. दोन फलंदाजांच्या मधल्या वेळात उठा.

सातव्या इनिंगच्या मध्यात सगळे उभे राहून हातपाय ताणतात. आठव्याच्या मध्यात 'स्वीट कॅरोलाइन' लागते आणि सगळे मैदान गाते, संघ दहा धावांनी मागे असला तरी. २००२ पासूनचा हा शिरस्ता आहे. शब्द येत नसले तरी दुसऱ्या कडव्यापर्यंत येतात.

खाण्याचे थोडक्यात. हॉट डॉग आणि सॉसेजमध्ये गोमांस किंवा डुकराचे मांस असते. न खाणाऱ्यांनी गृहीत धरू नये, विचारावे. शाकाहाऱ्यांसाठी शेंगदाणे, पॉपकॉर्न, प्रेट्झेल, फ्राइज, पिझ्झा. टरफले खुशाल पायाखाली टाका, सगळे टाकतात. बिअर घ्यायची असेल तर पांढऱ्या केसांवर विसंबू नका, पासपोर्ट जवळ ठेवा.

सामना नसेल, किंवा परवडत नसेल

मैदानाची साधारण तासाभराची मार्गदर्शित फेरी वर्षभर चालते, हिवाळ्यातसुद्धा. ती भिंतीच्या माथ्यावर नेते, जिथे एरवी बसायला बरेच पैसे पडतात. लहान मुलांना तीन तास बसवणे अवघड असेल तर मला फेरीच जास्त शहाणपणाची वाटते. वाटाड्याला बेब रूथबद्दल विचारा. तो इथे १९१४ ते १९१९ पिचर म्हणून गाजला, मग क्लबने त्याला यांकीजला विकले. १९१८ नंतर बॉस्टनला पुढची वर्ल्ड सिरीज जिंकायला २००४ उजाडले. मधल्या ८६ वर्षांच्या शापाची कथा तुम्हाला विचारावी लागणार नाही, ती आपोआप सुरू होईल.

फेरी झाली की मैलभर चालत नॉर्थईस्टर्न विद्यापीठात जा. फेनवेच्या आधी संघ तिथल्या हंटिंग्टन अव्हेन्यू मैदानावर खेळायचा, आणि १९०३ च्या पहिल्या वर्ल्ड सिरीजचे बॉस्टनमधले सामने तिथेच झाले. मैदान कधीच गेले, वर्गखोल्या आल्या. इमारतींच्या मधल्या हिरवळीवर संघाचा त्या काळचा पिचर साय यंग याचा पुतळा उभा आहे. हातात चेंडू, कमरेत वाकून समोरच्या कॅचरची (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याची) खूण बघतो आहे. त्याच्या नजरेच्या रेषेत पुढे चालत गेलात तर जमिनीत होम प्लेटची, म्हणजे फलंदाजाच्या जागेची, खूण बसवलेली सापडते. तिच्यावरून मुले लॅपटॉपच्या पिशव्या घेऊन वर्गाला जात असतात. त्यांच्यात दोन-चार पुण्याची असतातच.